मशीन बाहेर आहे

आमचा क्लब म्हणजे काही फार थोर प्रकरण नाही. चारकोपच्या सेक्टरांमधली निवृत्त मंडळी, एक-दोन डॉक्टर, काही दुकानदार, आणि फोटोत मधोमध उभं राहायची हौस असलेले अध्यक्ष. वर्षातून एकदा रक्तदान, एकदा डोळ्यांचं शिबिर, जूनमध्ये वह्यावाटप. वह्या एवढ्याशा आणि बॅनर केवढा, असं मी एकदा मीटिंगमध्ये बोलून गेले, तेव्हापासून माझ्या हातात कोणी माइक देत नाही. पण एक काम क्लबाने खरोखर चांगलं केलं. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली मिळवली आणि तिथे आजारी माणसांना लागणारं सामान ठेवलं. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, डोक्याकडून वर होणारी कॉट, आणि हवेतून ऑक्सिजन काढून देणारी दोन मशीनं. ज्याला लागेल त्याने न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. भाडं नाही.

त्या खोलीची किल्ली आमच्या घरी आली ती माझ्या नवऱ्यामुळे. हे आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर, त्यातली बरीच वर्षं आरेतून जाणाऱ्या बसवर. रिटायर झाल्यावर यांना घरात बसवेना आणि घरात बसलेले हे मला बघवेनात. मग यांनी ती खोली ताब्यात घेतली. कॉटचे नटबोल्ट आवळणं, व्हीलचेअरच्या चाकांना तेल, मशीनच्या जाळ्या धुऊन वाळवणं, सगळं हेच करायचे. सामान टेम्पोत चढलं की टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारायचे. बसची डबल बेल. म्हणजे चला, निघा. घरातही तेच. लग्नाला निघताना मी आरशासमोर रेंगाळले की बेडरूमच्या दारावर थप थप. चाळीस-एक वर्षांत ती थाप मी इतकी ऐकली की झोपेतही उठून चप्पल घालीन.

एकदा थाप मारली की कोणाकडे काय गेलं याचा विचार हे करत नसत. "ज्याचं अडलंय त्याला देऊन टाकायचं. तू कशाला जीव आटवतेस?" हे यांचं ठरलेलं बोलणं. यांचं बरं होतं. फोन मला करावे लागायचे.

सामान कमी आणि मागणारे फार. नवीन माणूस दारात आला की ज्यांच्याकडे सामान गेलंय त्यांना फोन लावायचा. पण विचारायचं काय? व्हीलचेअरच्या बाबतीत माणूस बरा होऊन चालू लागला असेल अशी आशा तरी असते. मशीन मात्र बहुतेक वेळा एकाच कारणाने परत येतं. म्हणून मी एक रीत पाडून घेतली. "आजोबा कसे आहेत? सहजच फोन केला," असं म्हणायचं. पलीकडून उत्तर यायचं, "आहेत." तेवढ्यात दोघांनाही सगळं कळायचं. मग "असू दे, असू दे, काळजी घ्या" म्हणून फोन ठेवायचा आणि दारातल्या माणसाला सांगायचं, "मशीन बाहेर आहे." तेराव्यानंतर किंवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मशीन परत यायचं. स्वच्छ पुसलेलं असायचं, कधी सोबत गावच्या कोकमाची पिशवी नाहीतर पेढ्याचा पुडा. ते पेढे माझ्या घशाखाली उतरत नसत. हे मात्र खायचे.

मालाडच्या एका बाईंच्या सासूबाईंना मशीन दिलं होतं. मी आठवड्यात दुसऱ्यांदा "सहजच" फोन केला तर त्या फाडकन म्हणाल्या, "अहो, सरळ विचारा ना म्हातारी गेली का म्हणून! मरायची वाट बघत बसलायत काय तुम्ही लोक?" मला असा राग आला म्हणता! एक तर फुकट द्या, वर बोलणीही खा, असं मी दोन दिवस यांना ऐकवत होते. राग आला कारण बाई खरं बोलत होत्या. मी वाट बघतच होते. एका मुलाच्या वडिलांना ते मशीन हवं होतं आणि तो मुलगा रोज येत होता.

मग यांचीच फुप्फुसं गेली. कडक होत चालली आहेत, ती आता मऊ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी यांचा जिना सुटला, मग कोपऱ्यावरचा पेपरवाला, मग बाथरूमपर्यंतचं चालणं. आम्ही सुरुवातीला भाड्याचं मशीन आणलं होतं, पण औषधं आणि भाडं दोन्ही पेन्शनमध्ये बसेनात. तेव्हा ते परत पाठवलं आणि क्लबचं वर आणलं. हक्काने आणलं असं कोणी म्हणेल. आणताना मला लाजच वाटत होती. क्लबचं दुसरं मशीन तोवर बिघडून खोलीत पडलं होतं. त्याचा पार्ट येतोय, असं मेकॅनिक सांगायचा. तो पार्ट बहुधा बैलगाडीतून येत असावा.

यांना आता एक वाक्य पुरं करायला मध्येच थांबून श्वास गोळा करावा लागे. म्हणून यांनी बोलणं सोडलं आणि सगळा कारभार हातावर आणला. एकदा वीज गेली तेव्हा छोटा सिलिंडर लावेपर्यंत यांचे ओठ निळे पडले. माझ्या हातून नळी बसेना, शेवटी शेजारणीने येऊन लावली. त्या दिवसापासून मशीनचा आवाज चालू आहे ना, एवढंच माझे कान ऐकत असत. घर्र करत राहायचं आणि मध्येच सुस्कारा टाकायचं. तो सुस्कारा आला की मी हातातलं काम पुढे करायचे.

एक दिवस अध्यक्षांचा फोन आला. "वहिनी, दादा कसे आहेत? सहजच केला."

मी म्हणाले, "आहेत."

"असू दे, असू दे. काळजी घ्या."

फोन ठेवला आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. कोणीतरी मशीन मागायला आलं होतं, हे मला न सांगता कळलं. रागवायचं तरी कोणावर? रीत माझीच, शब्दही माझेच. त्यानंतर दारावरची बेल वाजली की मी आधी आतल्या खोलीचा पडदा ओढायचे, टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि मग दार उघडायचे. खालच्या खोलीच्या पाटीवर आमच्या घराचा नंबर होता, त्यामुळे माणसं वर येणं काही थांबणार नव्हतं.

ती मुलगी आली तेव्हाही मी तेच केलं. पंचविशीची असेल. मालाडच्या मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर होती, तोच युनिफॉर्म अंगावर. पाणी दिलं तर एका दमात प्यायली.

"काकू, आई हॉस्पिटलमध्ये आहे. ते म्हणतात, घरी मशीनची सोय केली तर सोडतो. नाहीतर तिथेच राहावं लागेल." ती घाईघाईने बोलत होती. "गाव लांब आहे आमचं, अकोल्याच्या पुढे. इकडे आम्ही दोघीच. मी ड्युटीवर गेले की ती तिकडे एकटी पडून असते. रोज विचारते, माझी पिशवी भरलीस का? काल तर रडायलाच लागली. मला घरात मरू दे म्हणते. भाड्याचं बघितलं ना मी, नाही जमत."

"मशीन बाहेर आहे, बाळा."

"मग कधी येईल?"

"सांगता येत नाही गं."

"नाही, म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांचं कसं आहे? अंदाजे किती दिवस..." आपण काय विचारतोय हे बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं आणि ती खाली बघायला लागली. "सॉरी काकू. मला तसं नव्हतं म्हणायचं."

तिला तसंच म्हणायचं होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. मीही इतकी वर्षं तेच विचारत आले होते, फक्त मला ते गोड करून विचारता यायचं. माझा नवरा किती दिवस काढेल याचा अंदाज हिला कसा सांगू?

तेवढ्यात टीव्हीवरची जाहिरात संपली आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी क्षणभर सगळं शांत झालं. आतून घर्र ऐकू आलं. मग सुस्कारा.

मुलीने पडद्याकडे बघितलं. तिथून नजर माझ्याकडे आली आणि पुन्हा पडद्याकडे गेली.

"काका?"

"हो."

ती लगेच उठली. पाण्याचा रिकामा ग्लास कुठे ठेवावा हे तिला सुचेना, हातातच धरून उभी राहिली. "राहू दे काकू. मी बघते दुसरीकडे. मुलुंडला आहे म्हणे कोणाकडे तरी."

मुलुंडला त्याच आठवड्यात मी फोन केला होता. घाटकोपरलाही. त्यांचीही मशीनं बाहेर होती. हे तिला सांगायला पाहिजे होतं, निदान तिची एक खेप वाचली असती. पण माझ्या तोंडून एवढंच आलं, "बघ."

आणि आतून आवाज आला. थप, थप.

"काका बोलावतायत," ती म्हणाली.

"पाणी हवं असेल," मी म्हणाले आणि आत गेले.

हे उशीला टेकून बसले होते, नाकात नळी, डोळे दाराकडे. सगळं ऐकलं होतं. टीव्हीचा आवाज वाढवून मी बाहेरच्यांना फसवू शकत होते, यांना कुठे? माझ्याकडे बघून यांनी मशीनकडे बघितलं, मग पडद्याच्या दिशेने. आणि हात उचलून पलंगाच्या लाकडावर पुन्हा दोनदा थाप मारली. त्या दोन थापांनी यांना धाप लागली.

मला समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला समजू नये अशी माझी फार इच्छा होती. त्या हाताने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या होत्या. आता यांच्या नाकातली नळी काढून बाहेरच्या मुलीच्या हातात कशी देऊ? आणि नाही दिली, तर तिच्या आईची पिशवी कधी भरली जायची?

"पाणी हवंय ना?" मी मोठ्याने विचारलं, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

थप, थप.

"थांबा, देते."

"येते मी, काकू," बाहेरून आवाज आला. ग्लास टीपॉयवर ठेवल्याचा आवाज झाला, मग दार हळूच ओढून घेतल्याचा. टीव्ही तसाच ओरडत होता.

मी वाटीतलं पाणी चमच्यात घेतलं आणि यांच्या ओठांना लावलं. हे माझ्याकडे बघत राहिले. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं, यांनी तोंड उघडलं नाही.