हाड जुळलं का

जोडलेलं, एक झालेलं या अर्थाचे चार शब्द आमच्याकडे होते. घर एकत्र. आमच्या जैनथ गावाजवळचं शेत मुश्तरका, म्हणजे दोघा भावांच्या नावावर. निजामाची उर्दू जाऊन आंध्राची कचेरी तेलुगूत चालायला लागली तरी पटवारी तोच शब्द वापरायचा. दोर सांधायचा. हाड जुळायचं. 'संयुक्त' मी पुढे वर्तमानपत्रात लिहू लागलो. घरात तो कुणी म्हटला नाही.

एका हिवाळ्यात आई बैलगाडीवरून पडली. उजवा हात मोडला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, हाताला ताण पडला तर हाड जुळणार नाही, नागपूरला ऑपरेशन करावं लागेल.

कापूस फुटला होता. शेत मुश्तरका, म्हणून वेचणीही दोघी जावांची. मोठी आई, म्हणजे माझी चुलती, सऱ्यांमधून ओरडली, "काऊन वं, हात बांधला हाय. बोटं तं मोकळीच हायेत ना?"

आई हसली आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी वेचू लागली. वडील बाजाराला गेले होते. घरी येताना ती मला म्हणाली, "बापाले सांगू नोको."

त्यानंतर जेवताना तिचा चेहरा जरा आक्रसला तरी मी आधी वडिलांकडे पाहायचो.

प्लास्टर काढायच्या दिवशी आम्ही तिघं बसने आदिलाबादला गेलो. दवाखान्यात कंपाउंडरने करवत चालवली. मी करवतीकडे नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी नवा एक्स-रे उजेडात धरला. खाली घेतला. पुन्हा धरला.

"जुळलं का, साहेब?" वडिलांनी विचारलं.

"अतिकिंदि," डॉक्टर कंपाउंडरला तेलुगूत म्हणाले. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आईने डाव्या हाताने माझं मनगट पकडलं.

"जुड गई," कंपाउंडरने सांगितलं. "थोडी टेढी."

"वाकडं काऊन?" वडील म्हणाले.

आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी मान खाली घातली.

"होतं कधी कधी," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "आता सहा महिने या हाताला काम नाही. पुन्हा मोडेल."

जैनथ येईपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. मोठी आई दारातच उभी होती. "जुळलं का वं?"

"जुळलं," आई म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

दुसरी वेचणी बाकी होती.