राणीमहाल सूटची भिंत

राणीमहाल सूटमधल्या पाहुण्यांच्या चहात भिंत पडली.

अख्खी भिंत नव्हे. रुपयाएवढा रंगाचा पोपडा, त्याला चिकटलेलं थोडं प्लास्टर. पण पाहुण्यांनी त्याचा फोटो काढला, कप तसाच उचलला आणि खाली रिसेप्शनच्या टेबलावर आणून ठेवला. तिथून तो जीएमच्या केबिनमध्ये गेला आणि जीएमनी मला बोलावलं.

"मॅडम, हे तिसऱ्यांदा," मेहरासाहेब कपाकडे बघत म्हणाले.

"हो, पण चहात पहिल्यांदाच," मी म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

मी या हॉटेलची चीफ इंजिनिअर. ऐकायला मोठं वाटतं. हॉटेलात चीफ इंजिनिअर म्हणजे ज्याला पाणी, वीज, एसी, लिफ्ट आणि भिंती यांपैकी काहीही बिघडलं की फोन येतो तो माणूस. काही बिघडलं नाही तर असा माणूस आहे हे कुणाला माहीत नसतं. हुबळीत सिव्हिलचा डिप्लोमा केला, वीस वर्षं साइटवर काढली आणि मग इथं आले. कलघटगीच्या पुढं, झाडीत, एका जुन्या संस्थानिकांचा राजवाडा दुरुस्त करून हे हॉटेल केलं आहे. बत्तीस खोल्या, पोहण्याचा तलाव, मोर. मोर आधीपासूनचे आहेत.

भिंतीचं दुखणं असं होतं. दर तीन-चार महिन्यांनी त्या खोलीतल्या पलंगासमोरच्या भिंतीला लोणा यायचा. लोणा म्हणजे भिंतीतलं मीठ. भिंतीत पाणी शिरलं की आतले क्षार विरघळतात, पाणी वाळताना ते बाहेर येऊन बसतात आणि रंगाला ढकलून देतात. आम्ही खरवडायचो, पुट्टी भरायचो, भारीतला प्लास्टिक पेंट मारायचो. भिंत चकचकीत व्हायची. तीन महिन्यांनी पुन्हा पोपडे.

राजवाड्याची दुरुस्ती ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते हेरिटेज कन्सल्टंट मुंबईचे. त्यांना कळवलं, तर त्यांनी दोन दिवस येऊन चाळीस पानांचा रिपोर्ट दिला. निष्कर्ष होता रायझिंग डॅम्प. म्हणजे जमिनीतली ओल पायातून वर चढते. त्यावर उपाय म्हणून भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून केमिकल भरलं. काम छान झालं. लोणा तसाच राहिला.

मी मीटिंगमध्ये एकदा म्हणाले होते, "सर, ओल खालून येत असेल तर खालचा भाग आधी खराब व्हायला हवा. इथं गुडघ्यापर्यंत भिंत कोरडी आहे. पोपडे डोक्याच्या वर सुटतात."

"त्यांनी राजस्थानात अकरा राजवाडे केलेत," मेहरासाहेब म्हणाले. आमच्याकडं जूनपासून किती पाऊस पडतो आणि राजस्थानात किती, हे विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं.

आता चहाच्या कपानंतर मात्र ते दार लावून बोलले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावरही कुणी होतं.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात राजेसाहेब येतायत, तीन पिढ्यांना घेऊन. त्यांना राणीमहालच हवाय. हेड ऑफिसचं म्हणणं आहे की भिंत नीट झाली नाही तर इंजिनिअरिंग बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकू. तुमची सगळी टीम, मॅडम."

माझ्या टीममध्ये सहा जण. सगळे आजूबाजूच्या गावांतले, दोघांच्या घरी लहान मुलं. मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा सगळे जिन्यापाशी उभे होते. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि धारवाडजवळच्या केलगेरीतल्या घरून गाडी काढून अळणावरच्या बाजूला गेले. तिथल्या एका गावात परशराम अण्णा राहतात. दुरुस्तीच्या काळात राजवाड्याची बाहेरची चुन्याची कामं त्यांनी केली होती. आतल्या खोल्यांना मात्र वेळ वाचावा म्हणून सिमेंट मारलं गेलं. तेव्हा अण्णा मुकादमाशी भांडले होते एवढं माझ्या ऐकण्यात होतं. मी नंतर रुजू झाले.

अण्णा ओसरीवर गुडघ्याला तेल लावत बसले होते. त्यांची बायको, शांताक्का, भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. चाळीस वर्षं तिनं चुना मळला. नवरा थापी मारायचा म्हणून गवंडी तो, आणि ही नुसती बिगारी. पण चुन्यात वाळू किती, गुळाचं पाणी किती, हिरडा कधी घालायचा, हे ती ठरवायची. अण्णाही ते मान्य करतात, पण हळू आवाजात.

मी फोटो दाखवले. अण्णांनी फोन लांब धरून बघितले.

"सिमेंट मारल्यावर आनि काय हुनार," ते म्हणाले. "चुन्याची भिंत श्वास घेती. तुमी तिच्या तोंडावर प्लास्टिक बांधलंय."

"ते झालंच अण्णा. पण पाणी कुठून येतंय?"

"फोटूत पानी कसं दिसंल?" शांताक्का शेंगांवरून मान वर न करता म्हणाली. "एक दिस त्या भिंतीपाशी बसाय पायजे, तंगी." ती मला तंगी म्हणते. कानडीत धाकटी बहीण.

येताना गाडीत मला आमचा एक नियम आठवला. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली खोली पुन्हा पाहुण्यांना देण्याआधी कुणीतरी तिथं एक दिवस पाहुण्यासारखं राहायचं आणि रिपोर्ट द्यायचा. त्याला ट्रायल स्टे म्हणतात. सहसा मार्केटिंगमधलं कुणीतरी राहतं आणि 'उशा उत्तम' असं लिहून जातं.

मी मेहरासाहेबांना म्हणाले, "ट्रायल स्टेला दोन वॉल कन्सल्टंट बोलावते. अळणावरचे."

"कुठली फर्म?"

"नवरा-बायकोची आहे."

"अनुभव?"

"दोघांचा मिळून ऐंशी वर्षांचा."

त्यांनी सही केली. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर 'हेरिटेज वॉल कन्सल्टंट्स, दोन' अशी नोंद झाली. आणि कॉम्प्युटरला एकदा नोंद मिळाली की पुढचं सगळं आपोआप होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास हॉटेलची गाडी त्यांना धारवाडच्या स्टँडवरून घेऊन आली. पोर्चमध्ये सनईवाला उभा होता, आरतीचं ताट घेऊन मुलगी उभी होती, आणि कन्सल्टंटांना भेटायला कोट घालून मेहरासाहेब स्वतः उभे होते. गाडीतून आधी अण्णांची काठी उतरली, मग अण्णा, धुतलेल्या धोतरात. मग शांताक्का, हातात वायरची पिशवी.

मेहरासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. तोवर सनई सुरू झाली होती.

शांताक्का मोठ्या दरवाजाच्या पायरीशी थांबली. दुरुस्तीच्या काळात दीड वर्ष ती रोज इथं येत होती, पण मागच्या फाटकानं. तिथं नाव सांगून, पिशवी दाखवून आत सोडायचे.

"ह्या दारातनं?" तिनं मला हळूच विचारलं.

"ह्याच," मी म्हणाले.

तिनं पदर नीट केला आणि आत गेली. मेहरासाहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण ती मुलगी अण्णांना कुंकू लावत होती आणि मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

खोलीत गेल्यावर शांताक्कानं पलंगाकडं बघितलंही नाही. खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली. मग उठून हाताची मागची बाजू भिंतीला लावत वरपासून खालपर्यंत गेली, ताप बघतात तशी. अण्णा बोटांनी ठोकत होते. जिथं प्लास्टर सुटलेलं असतं तिथं पोकळ आवाज येतो. वरचा सगळा पट्टा पोकळ वाजला.

"आता तरी कोरडी हाय," शांताक्का म्हणाली. "ह्या खोलीत मानसं काय काय करत्यात?"

"झोपतात, चहा पितात, टीव्ही बघतात, अंघोळ करतात."

"मग आमी बी करतो की."

बटलर चहा घेऊन आला. टीव्ही लावला, कानडी बातम्या बघितल्या, बंद केला. एसी लावला. अण्णा पलंगावर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. भिंतीला काहीच झालं नाही. मी घड्याळ बघत होते. मला वाटलं, माझी नोकरी आता या दोन म्हाताऱ्यांच्या दुपारच्या झोपेवर आहे.

तीन वाजता शांताक्का अंघोळीला गेली. शॉवर कसा चालू करायचा ते मी दाखवलं. कढत पाण्याची अंघोळ, मनसोक्त. पाऊण तास पाण्याचा आवाज येत होता. अण्णा जागे झाले, पुन्हा झोपले. ती बाहेर आली तेव्हा केस टॉवेलात गुंडाळलेले, चेहरा लाल झालेला. सरळ भिंतीकडं गेली, खुर्चीवर चढली आणि वरच्या पट्ट्याला हात लावला. मग हात माझ्यापुढं केला.

ओला होता.

"वाफ कुटं जाती?" तिनं विचारलं.

"पंखा आहे ना बाथरूममध्ये. एक्झॉस्ट. वाफ ओढून बाहेर टाकतो."

"बाहीर म्हंजे कुटं?"

चाळीस पानांच्या रिपोर्टात हा प्रश्न नव्हता. आमच्या कुणाच्या डोक्यातही आला नव्हता, माझ्यासुद्धा. ड्रॉइंगवर पंख्यापासून निघालेली नळी छताच्या वरून बाहेरच्या भिंतीपर्यंत जाते असं दाखवलं आहे. ते ड्रॉइंग मी पन्नास वेळा बघितलं होतं.

शिडी मागवली. खोटं छत असतं ना, खालून दिसणारं, त्याची एक फळी काढून मी डोकं आत घातलं आणि टॉर्च मारला. नळी पंख्यापासून चार फूट येत होती आणि तिथंच संपत होती. तोंड उघडं. वाफ सगळी छताच्या पोकळीत, एसीनं गार झालेल्या भिंतीच्या माथ्यावर. तिथं तिचं पाणी होऊन ते सिमेंटच्या आतून खाली झिरपत होतं. बाहेरच्या भिंतीला, म्हणजे राजवाड्याच्या दर्शनी बाजूला, भोक पाडायची कन्सल्टंटांनी परवानगी दिली नव्हती. मग नळीवाल्यानं नळी जिथवर गेली तिथवर सोडली आणि कुणालाच सांगितलं नाही.

मी शिडीवरून उतरले तेव्हा माझ्या केसांत जळमटं होती. राग कुणावर काढावा ते कळेना, कारण चुकलेल्यांच्या यादीत माझंही नाव होतं. चार वर्षांत मी ती फळी एकदाही काढली नव्हती.

"पूर्वी ह्या बाजूला न्हानीच न्हवती," अण्णा म्हणाले. "आनि बाहीरच्या भिंतीत वर दोन झरोकं हुते. तुमच्याच लोकांनी बुजवलं, एसीची हवा जाती म्हणून. मीच विटा दिल्यात त्येला."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. कन्सल्टंट पलीकडून म्हणाले, "दर्शनी भिंतीला नवीन भोक पाडता येणार नाही. हेरिटेज आहे."

"नवीन नको सर. जुने झरोके उघडते. नळी त्यातून काढते."

"जुनी भोकं?"

"हो. ती पण हेरिटेजच आहेत."

त्यांनी समोरचे कागद चाळले. मग ते म्हणाले की ही शक्यता त्यांच्याही विचारात होतीच.

काम बारा दिवस चाललं. हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून नळी आणली, झरोके मोकळे केले, त्यांना जाळी बसवली. भिंतीवरचं सिमेंट सगळं काढलं. मागच्या आवारातल्या टाकीत दुरुस्तीच्या वेळचा भिजवलेला चुना पाण्याखाली तसाच होता. शांताक्कानं तो बोटांत घेऊन बघितला आणि चालेल म्हणाली. अण्णा खुर्चीवर बसून दोन गवंड्यांना सांगायचे. गुळाच्या पाण्याचं माप शांताक्कानं कुणाला दाखवलं नाही. माझ्या माणसांनी ड्युटी संपल्यावरही थांबून माल वर नेला. वरून नुसती चुन्याची सफेदी, रंग नाही.

मेहरासाहेब बघायला आले. "अर्धवट वाटतं," ते म्हणाले. "चमक नाही. थोडी वरखाली पण आहे."

"हातानं केलीय ना."

"राजेसाहेब काय म्हणतील?"

राजेसाहेब आले. पंचाहत्तरीचे, बंगळूरला फ्लॅटमध्ये राहणारे, बोलायला गोड. सगळं कुटुंब मागं उभं होतं. ते त्या भिंतीपाशी गेले, तिच्यावर तळवा ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगदी तशीच," ते नातवंडांना म्हणाले. मग आमच्याकडं वळून, "तुम्ही लोकांनी हात लावला नाहीत, फार चांगलं केलंत. आमच्या आजीसाहेब इथंच बसून पोथी वाचायच्या."

भिंत अकरा दिवसांची होती. आणि जुन्या नकाशात त्या खोलीवर 'धान्याची कोठी' असं लिहिलेलं आहे. राणीमहाल हे नाव मार्केटिंगनं दिलं. मी मेहरासाहेबांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

महिन्याभरात भिंतीशेजारी पितळी पाटी लागली: मूळ भिंत, जशी होती तशी जतन केलेली. खाली कन्सल्टंटांचं नाव. मी केबिनमध्ये जाऊन म्हणाले, यावर दोन नावं अजून हवीत.

"पाटी होऊन आलीय मॅडम," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि नवीन नावं घातली तर ती मूळ भिंत कशी राहील?"

मी दुसरं मागितलं. आमच्या आणखी एकोणीस खोल्यांना आतून सिमेंट आहे. एकोणीसही नळ्या मी बघून घेतल्या होत्या. सात अर्धवट होत्या. ती यादी मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्या दोघांना दरवर्षी बोलावायची परवानगी मागितली. एजन्सीचा विषय पुन्हा निघाला नाही. आता पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा शांताक्का आणि अण्णा दोन दिवस येऊन राहतात, दरवेळी वेगळ्या खोलीत. कॉम्प्युटरमध्ये ते अजून हेरिटेज वॉल कन्सल्टंट्स आहेत, कारण ती नोंद कशी बदलायची हे कुणाला माहीत नाही.

या धंद्यात पंचवीस वर्षं काढून मी एवढंच शिकले. खोली बांधणारा तिथं कधी राहत नाही, आणि राहणाऱ्याला बांधकामातलं कळत नाही. माझ्याकडं नवा इंजिनिअर रुजू झाला की मी पहिल्या दिवशी त्याला ड्रॉइंग देत नाही. टॉवेल देते.