सहभागाची फ्रेम

माझ्या नवऱ्याचं बियाणे-खतांचं दुकान आहे. गल्ल्याच्या वर, गणपतीच्या फोटोला लागून, तिथे एक फ्रेम लटकते. आत प्रमाणपत्र आहे. त्यावर आम्हा दोघांची नावं आणि खाली ठळक अक्षरांत 'सहभागाबद्दल'. सहभागाबद्दल म्हणजे काय, तर तुम्ही आलात, घाम गाळलात आणि वेळेत पोचला नाहीत. पण दुकानात येणाऱ्या कोणाला हे ठाऊक नसतं, आणि हे गृहस्थ ठाऊक होऊ देत नाहीत.

"हाव, दोघंबी होतो. धरणात नाव चालवली, मंग सायकल, मंग पळलो. सर्टिफिकेट लावलं ना वर, पाहा."

गिऱ्हाईक मान वर करून पाहतं आणि "वा भाऊ!" म्हणतं. मी तिथे असले तर युरियाच्या पोत्यांमागे जाऊन उभी राहते.

शर्यत अशी असते. आधी धरणाच्या पाण्यात दोघांच्या कयाकमधून पाच किलोमीटर वल्हवायचं. मग गिअरच्या सायकलवर तीस किलोमीटर, टेकड्यांमधून आणि शेतांमधल्या पांदणींमधून. शेवटी दहा किलोमीटर पळायचं. शर्यत जोडीची, म्हणून दर नाक्यावर दोघांनी सोबत हजर व्हायचं आणि शेवटची रेघही सोबतच ओलांडायची. पाच तासांच्या आत पोचलात तर मेडल, नाहीतर कागद. पहिल्या वर्षी आम्ही पाच तास चार मिनिटांत पोचलो.

ती चार मिनिटं कुठे गेली हे मला नीट माहीत आहे. ती तुरीच्या शेतात गेली. सायकलवर आमचं बरं चाललं होतं. पुढे मी, मागे हे. नाक्यावर पोचून मागे पाहते तर माणूस गायब. पाच मिनिटं झाली, सात झाली, आमच्या मागच्या तीन जोड्या पुढे निघून गेल्या. अकराव्या मिनिटाला स्वारी आली ती एका हातानं सायकल चालवत, दुसरा हात खिशावर. कोणा शेतकऱ्यानं हाक मारली होती, "भाऊ, तुरीवर अळी पडली, काय मारू?" आणि भाऊ उतरले, शेतात शिरले, नखानं शेंगा उकलून अळी पाहिली, औषध सांगितलं, किती पाण्यात किती टाकायचं तेही सांगितलं. खिशात त्या शेतकऱ्यानं दिलेल्या ओल्या शेंगा होत्या.

"घे, तुले आवडतात ना," म्हणाले.

मला शेंगा आवडतात. पण नाक्यावर नाही!

मी सावंगीला दवाखान्यात रेकॉर्डच्या खोलीत नोकरी करते. दिवसभर खुर्ची आणि फायली. चाळिशी ओलांडल्यावर कंबर धरली म्हणून पळायला लागले, आणि पळता पळता या नादाला लागले. पहाटे पाचला उठून, स्वेटर घालून, कुत्र्यांना हाडहाड करत मी वर्षभर रस्ते तुडवले. मला ते मेडल हवं होतं. कोणाला दाखवायला नाही, असं मी म्हणत असे. पण खोटं कशाला बोलू, दाखवायलाच हवं होतं. ती फ्रेम उतरवायची आणि त्याच खिळ्याला मेडल अडकवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या वर्षी मी यांना बाजूला ठेवून दवाखान्यातल्या एका सिस्टरबरोबर नाव नोंदवलं. शर्यतीच्या तीन आठवडे आधी ती जिन्यावरून घसरली आणि पायाला प्लास्टर बसलं. एवढ्या ऐनवेळी वल्हं धरता येणारा दुसरा माणूस मिळणार कुठून? घरात एकच होता. जेवताना म्हणाला, "मी येतो ना. काऊन चिंता करतं?"

मी अट घातली. शर्यत संपेपर्यंत वाटेत कोणाशीही एक शब्द बोलायचा नाही. हाक आली तरी नाही, अळी पडली तरी नाही, कोणाचं अख्खं शेत वाळलं तरी नाही. त्यांनी देवघरासमोर उभं राहून कबूल केलं. वर खबरदारी म्हणून मी त्यांना काळा चष्मा आणि कपाळावर ओढलेली टोपी घातली.

धरणात सगळं सुरळीत झालं. काठावरून एक मासे धरणारा ओरडला, "भाऊ, तुमीच ना?" आणि हे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे वल्हवत राहिले. फक्त वल्हं जरा वर उचललं, तेवढं मी चालवून घेतलं.

सायकलच्या टप्प्यावर मात्र बातमी आमच्या आधी पोचलेली. चष्म्याचा काही उपयोग झाला नाही. यांची सायकलवर बसायची तऱ्हाच अशी आहे, गुडघे बाहेर आणि कोपरं त्याहून बाहेर, की माणूस मैलावरून ओळखू येतो. एका वळणावर एक काका हातात मुळासकट उपटलेलं हरभऱ्याचं झाड घेऊन चक्क रस्त्याच्या मधोमध उभे.

"भाऊ, थांबजो! हरभरा वाळून राह्यला पाहा!"

मी मागे वळून नुसतं पाहिलं. हे थांबले नाहीत. काकांना वळसा घालून पुढे आले, पण मान मागेच, सायकल पुढे आणि तोंड त्या झाडाकडे. पुढचे चार किलोमीटर मला मागून एकच वाक्य ऐकू येत होतं.

"मुळं तरी पाहाले पाहिजे होती."

"गप बसा."

"मी तुह्याशी बोलून राह्यलो. तुह्याशी बोलाले कुठं मना आहे?"

पळायच्या टप्प्याला लागलो तेव्हा आमच्या हातात दीड तासापेक्षा जास्त वेळ होता. दहा किलोमीटरला तेवढा मला पुरून उरला असता. त्या क्षणी मी इतकी खूश होते की यांना पाण्याची बाटली मी स्वतःच्या हातानं उघडून दिली.

पळायच्या वाटेवर खुणेसाठी लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या, झाडाला, कुंपणाला, खांबाला. पट्टी दिसली की तिच्या बाजूनं जायचं. पांदणीतून दोनेक किलोमीटर गेल्यावर पट्टी डावीकडे वळली आणि एका शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, लांब गेलेली दिसली. मी तिच्यामागे वळले. मागून आवाज आला.

"अवं, तिकडं कुठं? पांदण तं सरळ आहे."

"पट्टी इकडे आहे."

"त्या माणसाले विचारू का?"

शेताच्या कोपऱ्यात मचाण होतं आणि त्यावर एक माणूस वानरं हाकायला बसला होता.

"नाही," मी म्हटलं. "एक शब्द नाही, ठरलंय."

धुऱ्यानं आम्ही पळत राहिलो. शेत मोठं होतं. पट्टीच्या मध्ये मध्ये जुनी लुगडीही बांधलेली होती, पण मला वाटलं, गावकऱ्यांनी हौसेनं शर्यत सजवली असेल. लोक तशी हौस करतात. पळसाला बांधलेलं एक जांभळं लुगडं मी ओलांडलं. बऱ्याच वेळानं आणखी एक जांभळं लुगडं आलं, तेही पळसालाच.

"आपण आताच इकडून गेलतो," हे म्हणाले.

"चला म्हटलं ना!"

"बरं."

तिसऱ्यांदा जांभळं लुगडं आलं तेव्हा मी थांबले. पुढे पट्टी होती, मागे पट्टी होती, उजवीकडे हरभरा होता आणि मचाणावरचा माणूस दोन्ही पाय खाली सोडून आमच्याकडे पाहत होता. मग मीच तोंड उघडलं.

"दादा, शर्यतीची वाट हीच ना?"

"नाई बा," तो म्हणाला. "हे तं डुकरं येऊ नाई म्हणून बांधलं. रस्त्याच्या कामावरची पट्टी उरली होती, ती आणली. तुमची वाट तिकडं, पांदणीनं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कुठं विचारलं? मले वाटलं, तुमची शर्यतच तशी असन, गोल गोल."

आम्ही ज्याच्यामागे पळत होतो तो रानडुकरांसाठीचा बंदोबस्त होता. मला रडू येत होतं आणि माझा जीव नुसता जळत होता. पण ओरडावं कोणावर? नवऱ्यावर ओरडायची मला इतक्या वर्षांची सवय, आणि या खेपेला त्या माणसानं काहीच केलं नव्हतं. दोनदा सांगितलं होतं, दोनदा मी गप्प केलं होतं.

मचाणावरचा माणूस खाली उतरला आणि वाट दाखवायला पांदणीपर्यंत सोबत आला. चालता चालता त्यानं यांना ओळखलं. "अरे, भाऊ तुमी! बरं झालं, हरभऱ्यावर एक नजर टाका ना." हरभरा हातभर अंतरावर होता. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दुकानात येजो," एवढंच म्हणाले आणि पळायला लागले.

त्यांनी तिथे थांबून पानन्‌पान तपासलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. निदान मला दोष द्यायला जागा राहिली असती.

शेवटचे किलोमीटर मी कशी पळाले ते माझ्या पायांना ठाऊक. रेघ ओलांडली तेव्हा पाच तास सहा मिनिटं झाली होती. गेल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटं जास्त! टेबलामागच्या मुलीनं हसून दोघांच्या नावाचा कागद दिला, सहभागाबद्दल. घरी येईपर्यंत गाडीत मी वाट पाहत होते की हे आता बोलतील, मग बोलतील. काहीतरी टोमणा मारतील, मग मी भांडेन आणि मोकळी होईन. पुलगाव फाट्यापाशी ते म्हणाले, "भूक लागली." बस, एवढंच.

पुढच्या रविवारी डबा द्यायला दुकानात गेले. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती आणि हे रंगात आले होते.

"औंदाबी थोडक्यात हुकलं. माहंच चुकलं ना. एक जण हरभरा घेऊन आला, अन् मी थांबलो. सवयच वाईट. हिनं तं चांगलंच पळवलं होतं."

बाकावर सगळे हसले. एकच जण हसला नाही. हातात वाळलेल्या हरभऱ्याची झाडं घेऊन कोपऱ्यात बसलेला तो मचाणावरचा माणूस. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं आणि झाडाच्या मुळांची माती बोटानं पाडत बसला. खरं काय ते तिथे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

मी डबा ठेवायला गल्ल्यामागे गेले. खण उघडला तर परवान्याच्या कागदांखाली नवीन प्रमाणपत्र, उपडं घालून ठेवलेलं. स्वतःच्या चुकीचं त्यांनी वर्षभर गणपतीशेजारी मिरवलं होतं. माझ्या चुकीचं खणात लपवलं होतं.

"हे का नाही लावलं?" मी विचारलं.

"राहू दे ना. भिंतीवर जागा कुठं आहे?"

जागा हवी तेवढी होती. मला इतका संताप आला की काय सांगू. वर्षभर मी घसा फोडून सांगत होते की यांच्यामुळे मला उशीर होतो, आणि आता ते स्वतः भर दुकानात तेच सांगत होते, तर मला ऐकवत नव्हतं.

"हे थांबले नव्हते," मी बाकाकडे वळून म्हटलं. "मी रस्ता चुकवला. डुकरांच्या पट्टीमागे अडीच चकरा मारल्या, त्या कोपऱ्यातल्या दादांच्याच हरभऱ्याभोवती. विचारा त्यांना."

मचाणावरच्या माणसाचं तोंड खुललं. "अडीच नाई वहिनी," तो म्हणाला. "पाव कमी तीन. मी मोजत होतो."

सगळं दुकान हसलं, हेही हसले. मी तो कागद घेऊन समोरच्या फोटोवाल्याकडे गेले, फ्रेम करून आणली, स्टुलावर चढले आणि पहिल्या फ्रेमच्या शेजारी खिळा ठोकला.

"वाकडी लागली," हे खालून म्हणाले. एका हातानं त्यांनी स्टूल धरलं होतं, दुसऱ्या हातात त्या माणसाचं हरभऱ्याचं झाड होतं, मुळं वर केलेलं.

"राहू द्या," मी म्हटलं, "आणि त्यांचा हरभरा पाहा आधी."