नवऱ्याचा पायजमा घालून

साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी रेडिओचे सुटे भाग जोडायचे. पाठ नसलेल्या स्टुलावर दिवसभर वाकून बसायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी कंबर अशी धरली की सकाळी उठायला नवऱ्याचा हात लागायचा. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी मला उताणं झोपवलं, एकेक गुडघा हळूच छातीशी घ्यायला लावला. मग पाय दुमडून कंबर जराशी वर उचलायची आणि सावकाश खाली टेकवायची. "दुखलं की थांबायचं, पण रोज करायचं," त्या म्हणाल्या. "आणि साडीत नाही हं जमणार. पंजाबी ड्रेस आहे ना?"

नव्हता. घाटकोपरच्या आमच्या चाळीत सुनांनी साडीच नेसायची. मग नवरा कामावर गेला, सासूबाई बाजारात गेल्या, की मी दार लावून त्याचा पायजमा चढवायचे आणि चटईवर आडवी व्हायचे.

एका सकाळी शेजारीण विरजण मागायला आली. दार बंद दिसलं म्हणून तिने गॅलरीच्या खिडकीतून आत डोकावलं. मी पायजम्यात, कंबर वर उचललेली.

"अगं बाई! दिवस राहावेत म्हणून करतेस होय?"

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. "नाही हो, कंबर दुखते," एवढं साधं वाक्य माझ्या तोंडातून फुटेना. मी उशी पोटाशी धरून तशीच बसून राहिले. संध्याकाळी नळावर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. एकीने हळूच एका वैदूचा पत्ता सांगितला. दुसरी नुसतीच हसली. मी अर्धी कळशी घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून व्यायाम बंद केला.

व्हायचं तेच झालं. एके दिवशी सुटी झाल्यावर मला स्टुलावरून उठताच येईना. कारखान्यातल्या दोघींनी रिक्षात घालून घरी आणलं.

"गो, व्यायाम करतंस मा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. लोक नको नको ते बोलतात." आणि मला रडूच आलं.

त्यांच्याही कानावर ते आलेलं असणार. मला जरा हलता यायला लागलं, तशी एका सकाळी त्यांनी स्वतः चटई अंथरली, तीही दार सताड उघडं ठेवून. शेजारीण गॅलरीतून जात होती. सासूबाईंनी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "माझ्या सुनेची कंबर दुखता, म्हणान ती व्यायाम करता. आणखी कोणाक काय इचारूचा हा?"

शेजारीण पुढे गेली. मग सासूबाई नऊवारीचा ओचा सावरत माझ्या शेजारी आडव्या झाल्या. "माका पण दाखय."

त्यांचा गुडघा वर येईना. मी त्यांचा पाय धरून हळूहळू छातीकडे नेला. नमस्कारापलीकडे त्यांच्या पायाला मी कधी हात लावला नव्हता. पोटऱ्या उघड्या पडलेल्या, गॅलरीतून माणसांची ये-जा चालू. लाजेने माझे कान तापले होते. त्या मात्र डोळे मिटून म्हणाल्या, "बरा वाटता गो."

हळूहळू माझी कंबर सुटली. कारखान्यात मी मधूनमधून उठून दोन पावलं चालायला लागले. जड कळशी उचलताना कंबरेत न वाकता गुडघे वाकवायला शिकले.

मूल मात्र झालं नाही. "एवढे व्यायाम करून काय झालं गं?" असं पुढे कितीतरी वर्षं कुणी ना कुणी विचारायचं. मी सांगायचे, कंबर बरी झाली. ते खरंच होतं. तरी सांगताना माझी मान खाली जायची.