चार पिना

खामगावच्या विमा कार्यालयातला तो कारकून प्रत्येक अर्जाला दोन पिना मारतो आणि वर न पाहता बोलतो. माझ्या मुलीच्या जबड्याचं ऑपरेशन कंपनीनं ‘सौंदर्यासाठी’ म्हणून दोनदा नाकारलं, तेव्हा मी त्याच्याच टेबलावर हात आपटला होता.

परवा तिला सोबत घेऊनच भांडायला गेलो. तो जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा तिच्यापुढे धरला.

“चावून पाह्य, माय.”

तिला चावता येईना. त्यानं भाकर वरणात कुस्करून तिला दिली आणि नव्या अर्जावर लिहिलं, ‘मुलीला भाकर चावता येत नाही. मी स्वतः पाहिलं.’ खाली सही केली.

“साहेब रागावतीन नं तुमच्यावर,” मी म्हणालो.

“रागावू द्या, भाऊ. मले तं चावता येते.”

त्या अर्जाला त्यानं चार पिना मारल्या.