कलवरीचे उघडे हात

“तिला पाटावर नका बसवू गं. पोरीला टीबी हाय.”

मोठ्या मावशीला वाटत होतं की ती हळू बोलतेय. पण तिचं हळू बोलणं कन्नड गावच्या मामांच्या घरात चुलीपासून न्हाणीपर्यंत ऐकू जातं. मी मधल्या खोलीत पिवळ्या ब्लाउजचे हुक लावत होते. बाहेर मांडवात ताईच्या हळदीची तयारी चालली होती. ताई म्हणजे माझी मामेबहीण, आणि मी तिची कलवरी. हळदीला नवरीशेजारी पाटावर बसायचं, तिच्याबरोबर आपणही हळद लावून घ्यायची आणि लग्नात कऱ्हा-दिवा धरून तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे कलवरीचं काम. ताईने हे मला दहावी-बारावीच्या परीक्षांआधी, नोकरी लागल्यावर आणि तिचं लग्न ठरल्यावर असं पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

“टीबी? कुणी सांगितलं वन्सं?” मामी विचारत होती.

“तिच्या आईनंच. छातीचा फोटो काढला, टीबीची तपासणी केली. आता सुया चालू हायेत. उगं कोण सुया घेतंय?”

“पण पोरगी तर चांगली दिसती.”

“वरून दिसतंय व्हय? लेकराबाळांचं घर हाय, बाई. माझ्या नातीला बसवा. बारकी हाय, गोड दिसल.”

मी शेवटचा हुक लावला.

मला टीबी नाही. मला सोरायसिस आहे, नववीपासून. आधी कोपरांवर आला, मग गुडघ्यांवर, मग डोक्यात. लाल चट्टे आणि त्यावर पांढरे खवले. शाळेच्या निळ्या स्वेटरवर ते पडायचे आणि मागच्या बाकावरच्या मुली “इट्स स्नोइंग” म्हणून हसायच्या. सायन्सच्या प्रॅक्टिकलला माझी पार्टनर माझी परीक्षानळी ओढणीच्या टोकाने धरायची. मी काही बोलत नसे. वर्गात हुशार आणि गप्प, अशी माझी ख्याती होती. त्यातलं गप्प असणं लोकांना स्वभाव वाटायचं.

आमच्या शहरात एक सोय आहे. उन्हाळ्यात स्कूटीवरच्या सगळ्याच मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे घालतात. उस्मानपुऱ्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या दहाजणींत मी कोणती, ते माझ्या आईलाही ओळखू येत नाही. बाकीच्या जणी ऑफिसात पोहोचल्या की सनकोट काढायच्या. मी एसीचं कारण सांगून घालून बसायचे.

आणि हळद. आज जी हळद मला लावायची नाही म्हणत होते, तीच हळद याच घरात, याच मोठ्या मावशीने माझ्या अंगाला चोळली होती. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत. कडुनिंबाच्या तेलात कालवून, “गजकर्ण हाय ते, हळदीनं मरतंय,” म्हणत. मी ओरडायचे, ती धरून ठेवायची. प्रेमाने, हे खरं. पण तेव्हा तिला माझ्या हातांची भीती वाटत नव्हती, याचीच मला आता चीड येत होती. तेव्हा चट्टे होते, आता जवळजवळ नव्हते.

मधल्या काळात मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब होती. चारच दिवसांत चट्टे नाहीसे, आणि सोडली की दुपटीने परत. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे मला फार नंतर कळलं. मग आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आली. तिच्या दुसऱ्या दिवशी दिवसभर मळमळायचं, आणि रक्त तपासत राहावं लागायचं. या सगळ्या काळात प्रत्येक पाहुणा मला एकच सांगायचा: तुझी प्रतिकारशक्ती कमी आहे, आवळा खात जा.

आताच्या डॉक्टर बाई हे ऐकून हसल्या. “कमी? उलट जास्त उत्साही आहे,” म्हणाल्या. त्यांनी औषधांची चिठ्ठी उलटी करून पुढे ओढली आणि गोल, बाण काढत समजावलं. गावात चोर आल्याची अफवा उठते ना, तसं. एकाला सावली दिसते, तो दुसऱ्याला फोन करतो, दुसरा ग्रुपवर टाकतो आणि अख्खं गाव काठ्या घेऊन रस्त्यावर येतं. चोर नसतोच. मार मात्र कुणाला तरी बसतो. माझ्या अंगात एक पेशी दुसरीला निरोप देते, त्याचं नाव इंटरल्यूकिन तेवीस. दुसरी जागी होते आणि पुढे निरोप पाठवते, इंटरल्यूकिन सतरा. तो त्वचेला मिळाला की तिला वाटतं जखम झालीय, भरून काढा. जी त्वचा महिनाभरात वर यायची, ती काही दिवसांत वर येते, कच्चीच. तेच खवले.

“गोळी सगळ्या गावाचे फोन थोडे थोडे बंद करते,” त्या म्हणाल्या. “हे इंजेक्शन फक्त सतरा नंबरचा निरोप अडवतं. बाकी गाव जागं राहतं.”

मी नेटवर या विषयावर बरंच वाचलं होतं, सगळं इंग्रजीत. पण माझ्यात काही कमी नाही, हे कुणी माझ्याकडे बघत पहिल्यांदाच सांगत होतं. त्यांनी हेही सांगितलं की हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. इंजेक्शन थांबवलं तर परत येऊ शकतो. मला ते चाललं. खोट्या आशेचा मला कंटाळा आला होता.

इंजेक्शन सुरू करण्याआधी एक नियम असतो. टीबीचे जंतू आपल्याकडे कितीतरी जणांच्या अंगात नुसते झोपून असतात, म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करून घ्यायची. माझी तपासणी निर्दोष आली. पण आम्ही तपासणीला गेलो, नेमका त्याच दिवशी मोठ्या मावशीचा आईला फोन आला होता. आमच्या घरात आजार सांगायची पद्धत आहे: निम्मा सांगायचा. सोरायसिस म्हटलं की मुलीचं लग्न अडतं, म्हणून आई ते नाव घेत नाही. ती म्हणाली, “काही नाही गं, छातीचा फोटो काढायला आलोय, टीबीची तपासणी आहे.” पुढचं निम्मं मावशीने स्वतः भरलं. मग ते पाचोडच्या आत्यांकडे गेलं, तिथून परत कन्नडला. सावली, फोन, ग्रुप, काठ्या.

आई मधल्या खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा सांगत होता की तिनेही ऐकलंय. तिने आधी माझ्या ब्लाउजकडे बघितलं. तिने मनगटापर्यंतच्या बाह्या शिवायला सांगितल्या होत्या. मी टेलरकडे स्वतः जाऊन आखूड करून घेतल्या होत्या. कोपरांवर चट्ट्यांच्या जागी आता फिकट डाग उरले होते.

“हे काय घातलंस? बरं, राहू दे. तू आतच बस. पोट दुखतंय म्हणून सांगते मी.”

“तू त्यांना खरं सांग ना.”

“भर मांडवात? उद्या तुझं बघायचंय, कळतंय का?”

“टीबी चालतो का मग बघायला?”

आईने माझा पदर ओढून कोपरावर घेतला. मी तो खाली सोडला. तिने परत ओढला, मी परत सोडला. मग बाहेरून ताईचा आवाज आला, मांडवाच्या टोकापर्यंत जाईल असा:

“अगं ए इंग्लिश मीडियम! नटणं झालं का नाय अजून? इथं माझ्या मुंडावळ्या वाळून चालल्या!”

बायका हसल्या. मी बाहेर गेले.

ताईशेजारच्या पाटावर मावशीची नात बसली होती आणि लाडू खात होती. ताईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तिला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. “बस,” मला म्हणाली. मी बसले. एप्रिलचं ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरत होतं, आणि माझ्या उघड्या हातांना वारा लागत होता. किती वर्षांनी, ते मला सांगता येणार नाही.

पहिला मान मोठ्या मावशीचा. तिने ताईच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना आणि गालांना हळद लावली. मग वाटी घेऊन माझ्यासमोर आली आणि थांबली. हळदीने माखलेली बोटं हवेत तशीच. मागच्या बायकाही थांबल्या. कुणीतरी गाणं म्हणत होतं, तेही अर्ध्यावर थांबलं. आई दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

मला खूप शब्द येतात, पण सगळे वाचायचे. मांडवात बोलायचे शब्द मी कधी जमवलेच नव्हते. मी दोन्ही हात पुढे केले, कोपरं वर करून, डाग दिसतील असे. आणि मग माझा आवाज मलाच ऐकू आला, वाटलं होतं त्यापेक्षा मोठा:

“मोठी मावशी, मला टीबी नाही. औषधाआधी सगळ्यांचीच तपासणी करतात, तशी माझी केली. आणि टीबी असता तरी मी लपवला नसता. मला सोरायसिस आहे. सो-रा-य-सिस. हात लावला तर कुणाला होत नाही. तू इतकी वर्षं हळद चोळलीस, तुला झाला का? आता लावायची असेल तर लाव, नसेल तर वाटी पुढच्या बाईला दे. पण या पाटावरून मी उठणार नाही.”