कढत पाण्याची बादली

महानारायण तेलाचा वास आला की परदेशातला, टॅम्पिनीसमधला आमचा फ्लॅट आठवतो. तिथली पाणी तापवण्याची जुनी टाकी गळू लागली, तेव्हा नोकरीवरून दमून आल्यावर मी वीज, जागा, टिकाऊपणा असे रकाने आखून तक्ता केला आणि शॉवरचा इन्स्टंट हीटर निवडला. पुण्याहून राहायला आलेल्या आईचे आखडलेले गुडघे मात्र हे तेल चोळून घेतलेल्या कढत पाण्याच्या बादलीभर अंघोळीनेच मोकळे होत. नव्या हीटरच्या बारीक धारेने बादली भरेपर्यंत पाणी कोमट होई. "आई, शॉवर घे ना!" मी म्हणाले. "अगं, तो शॉवर म्हणजे डोक्यावर झारी! राहू दे, इथल्या उकाड्यात कोमटही चालतं." पुढे ती भिंत धरून चालू लागली, पण तिने तक्रार केली नाही. आता तेच तेल मी माझ्या गुडघ्यांना लावते. तक्त्यात आईला विचारण्याचा रकाना मी आखलाच नव्हता.